लेक जूनपासून ज्युनिअर केजीला, शाळेची बस की सोसायटीतली व्हॅन? गाडीत बसली की झोपते, काय काळजी घ्यायची?

ईराची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच इथे प्रश्न टाकतेय. मुलगी ४ वर्षांची आहे, या जूनपासून ज्युनिअर केजीला जाणार. नर्सरी सोसायटीच्या मागेच होती, मी किंवा सासूबाई चालत सोडायचो त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. आता शाळा ७ किमीवर, आम्ही वाकडला, माझं ऑफिस हिंजवडीत, नवरा महिन्यातले १५ दिवस बाहेरगावी, म्हणजे रोज नेणं-आणणं आम्हाला जमणार नाही हे आधीच सांगते.

दोन पर्याय आहेत. एक शाळेची बस, स्टॉप मेन रोडवर, घरापासून ५ मिनिटं, पण परत येताना बस पलीकडच्या बाजूला थांबते म्हणजे रोज दुपारी सासूबाईंना रस्ता ओलांडून जावं लागणार आणि त्यांचे गुडघे दुखतात. दुसरा, व्हॅनवाले काका, सोसायटीच्या गेटवर येतात, फी जवळपास निम्मी, बिल्डिंगमधली ५-६ मुलं आधीपासून जातात आणि सगळे म्हणतात काका फार चांगले आहेत. पण परवा मी खाली उभी राहून मुलं मोजली. १३ उतरली आणि दोघं अजून पुढच्या सीटवर बसलेली होती.

आणि ईरा कुठल्याही गाडीत बसली की १० मिनिटांत झोपते, अगदी तान्ही असल्यापासून. मला त्याचीच जास्त भीती वाटतेय. ज्यांची मुलं या वयात बसने गेलीत त्यांनी प्लीज सांगा नेमकं काय बघायचं, शाळेला काय विचारायचं आणि एवढ्याशा पोरीला काय शिकवायचं. शाळेत विचारलं तर "सगळं सेफ आहे मॅडम, जीपीएस आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

ठाणेकर_ज्योती

१५ मुलं म्हणजे ती व्हॅन आत्ताच डोक्यातून काढून टाक. आम्ही दोन वर्षं मुलाला व्हॅनने पाठवला म्हणून सांगतेय. एकदा मी स्वतः आत वाकून बघितलं तर मागे सीएनजीच्या टाकीवर फळी टाकलेली आणि त्यावर ४ मुलं, पाठ टेकायला काही नाही, दप्तरं वर टपावर आणि सरकतं दार नीट लॉक होत नव्हतं म्हणून पाचवीतला एक मुलगा ते आतून धरून बसायचा. पाचवीतला मुलगा! दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

नंबर प्लेट बघ पहिली. पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतील तर ती व्यावसायिक वाहतुकीची गाडी. पांढरी पाटी असेल तर ती खाजगी गाडी आहे, तिच्यातून पैसे घेऊन मुलं नेताच येत नाहीत आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे. काका चांगले असतील गं, पण चांगल्या काकांच्या गाडीचं दार पण उघडं राहू शकतं.

संभाजीनगरवाला

ज्योतीताई बरोबर आहे तुमचं पण सगळ्यांना बसची फी झेपत नाही हो. आमच्याकडे तर शाळेला स्वतःची बसच नाही, रिक्षा नाहीतर व्हॅन, तिसरा पर्याय नाही. आम्ही ९ पालक मिळून व्हॅनवाल्या दादांशी बसून बोललो. ते म्हणाले डिझेल, हप्ता, परमिट सगळं धरून १४ मुलं घेतल्याशिवाय मला परवडत नाही. मग आम्ही प्रत्येकी फी वाढवून दिली आणि लेखी ठरवलं की जेवढ्या सीट तेवढीच मुलं, ड्रायव्हरशेजारी केजीचं मूल नाही, दार ते स्वतः उतरून लावणार. गेलं वर्षभर पाळतायत. भांडून नाही, पैशांचं गणित समोर मांडून झालं हे. व्हॅनशिवाय ज्यांना मार्गच नाही त्यांनी निदान एवढं करावं.

बसवाला_नाशिक

ताई नमस्कार. मी स्वतः स्कूल बसवर चालक आहे, ११ वर्षं झाली, सिडको ते गंगापूर रोड असा माझा रूट. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

लोकांना वाटतं बस पळताना धोका. तो आहेच, पण मला विचाराल तर माझा जीव सगळ्यात जास्त वर-खाली होतो बस थांबलेली असताना. ४ वर्षांचं लेकरू म्हणजे साधारण ३ फूट, ते बसच्या तोंडासमोरून गेलं तर मला सीटवरून दिसतच नाही. खरंच नाही दिसत. खाली बोनेटजवळ काय आहे ते आरशात दिसलं तर दिसलं, आणि पावसात काच धुकाळली की तेही नाही. मागच्या चाकाजवळचं पण तसंच. पाण्याची बाटली घरंगळली म्हणून पोरगं वाकलं की संपलं, माझ्यासाठी ते तिथं नाहीच.

त्यामुळं आमच्या मालकांनी नियम केलाय तो सांगतो. हँडब्रेक ओढल्याशिवाय दार उघडायचं नाही. दार उघडलं की आधी मावशी, म्हणजे बसवरची मदतनीस बाई, खाली उतरणार, मग मूल. मूल पालकाच्या हातात गेलं, पालक ५-६ पावलं बाजूला सरकले, मावशी वर चढली, दार लागलं आणि मावशीनं "चला" म्हटलं की मगच मी गिअर टाकतो. तिचा आवाज आला नाही तर मागं कितीपण हॉर्न वाजू द्या, मी हलत नाही. तुम्ही शाळेत जीपीएसचं नका विचारू, हे विचारा, बस हलवायचा इशारा कोण देतं. जिथं याचं उत्तर लगेच मिळत नाही तिथं काळजी करा.

आता पालकांचं सांगतो, राग मानू नका. तुमच्या सासूबाई पलीकडं उभ्या राहिल्या आणि बस इकडं थांबली की आजी प्रेमानं हात करते "ये गं ये" आणि लेकरू मावशीचा हात सोडून सुसाट सुटतं. त्याला आजी दिसते, रस्ता दिसत नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय, दुचाकीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलं. म्हणून घ्यायला येणारं माणूस बस ज्या बाजूला थांबते त्याच बाजूला आधीपासून उभं पाहिजे, आणि मुलाला हाक मारायचीच नाही, जवळ जाऊन हात धरायचा.

आणि गाडी चालू असताना आम्हाला फोन करू नका की कुठपर्यंत आलात. एका फेरीत ८-१० फोन येतात. नंबर मावशीचा घ्या.

झोपायचं म्हणाल तर केजीची निम्मी मुलं झोपतात दुपारी. शेवटचा स्टॉप झाला की मी मागच्या सीटपर्यंत चालत जातो, वाकून सीटखाली बघतो, मग मावशी परत बघते. एकदा खरंच एक छोटा दोन सीटच्या मधे खाली सरकून झोपलेला सापडला, वरून बघितलं तर दप्तर पडलंय असंच वाटत होतं.

सायली_पी

वरचं वाचून हात थरथरले माझे. आमच्या बाबतीत कोणी मागे चालत गेलं नव्हतं. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलगा अजून तिथेच शिकतोय. तेव्हा सिनिअर केजीत होता, जुलै महिना, रोजच्या मावशी रजेवर आणि त्या दिवशी बदली बाई आलेल्या. सकाळी हा मागच्या सीटवर झोपला, शाळेत सगळी मुलं उतरली, बस जाऊन पार्किंगला लागली, दारं बंद. वर्गात टीचरनी हजेरी घेतली, हा गैरहजर. केजीची मुलं आजारी पडतातच, त्यामुळे कोणी फोन केला नाही, आणि मी तर स्वतः त्याला बसमध्ये चढवून टाटा करून आलेली. ड्रायव्हर आपला डबा विसरला म्हणून ४० मिनिटांनी परत आला, त्याला काचेवर आपटल्याचा आवाज आला. चड्डी ओली, रडून रडून घसा बसलेला. पाऊस होता म्हणून. एप्रिल असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही. पुढे दोन महिने तो लिफ्टमध्ये पण एकटा थांबायचा नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये केरळच्या एका चिमुरडीचं असंच झालं, तिचा त्या दिवशी चौथा वाढदिवस होता, झोपेत बसमध्ये राहिली आणि उन्हात बंद बसमध्ये दगावली. त्याच महिन्यात जपानमध्ये ३ वर्षांची मुलगी. बंद गाडीत ऊन असेल तर १० मिनिटांतच तापमान १० अंशांच्या आसपास चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगाने तापतं. जपानने एप्रिल २०२३ पासून बालवाडीच्या बसना अलार्म सक्तीचा केला, कारण "बघून या" एवढं सांगून भागत नाही हे त्यांना कळलं. दमलेला माणूस, बदली माणूस विसरणारच, सिस्टिम अशी पाहिजे की विसरला तरी कळलं पाहिजे.

आम्ही काही पालकांनी मागे लागून शाळेकडून एकच गोष्ट करून घेतली. बसमध्ये चढलेल्यांची यादी आणि वर्गातली हजेरी ९ वाजायच्या आत जुळवायची, बसमध्ये चढलेलं मूल वर्गात नसेल तर ताबडतोब आधी बस बघायची आणि मग घरी फोन. आणि आपल्या बाजूने, ज्या दिवशी मूल जाणार नाही त्या दिवशी सकाळीच मेसेज टाकायचा, म्हणजे न कळवता गैरहजर दिसलं की शाळेलाही शंका येते. तुम्ही हे पहिल्या दिवसाच्या आधी विचारा हो, प्लीज. तुमची तर झोपतेच म्हणताय.

एडिसनची_काकू

न्यू जर्सीहून लिहितेय, नातवंडांसाठी इकडे येऊन राहिलेय ६ वर्षं. माझ्या नातवाच्या बसमध्ये इंजिन बंद केलं की मागे बझर वाजायला लागतो आणि तो बंद करायचं बटण अगदी शेवटच्या सीटच्या मागे असतं, म्हणजे ड्रायव्हर बाईंना पूर्ण बस चालत जावीच लागते. आपल्याकडे हे बसवणं काही अवघड नाही, कोणताही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन करून देईल.

इथे बसचे लाल दिवे लागले आणि बाजूची स्टॉपची पाटी बाहेर आली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांना निदान २५ फुटांवर थांबावंच लागतं. आपल्या रस्त्यावर तसं कोणी थांबणार नाही, मला माहीत आहे, म्हणून आपल्याकडे मुलाला रस्ता ओलांडायलाच लागू नये असा स्टॉप मागणं जास्त महत्त्वाचं. अजून एक, इथे मुलांना शिकवतात की बसच्या चहूबाजूंनी १० फूट म्हणजे धोक्याची जागा, आणि वस्तू पडली तर उचलायची नाही, ड्रायव्हरला सांगायचं. नातवाला मी मराठीत शिकवलं, "पडलं तर पडू दे." रोज सकाळी म्हणायचो आम्ही, आता तो मलाच म्हणतो.

सीट बेल्टबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगते. इथल्या बसच्या सीटच्या पाठी उंच आणि जाड गादीच्या असतात, धक्का बसला तर मूल समोरच्या गादीवर आपटावं म्हणून मुद्दाम तशा केलेल्या. शिवाय न्यू जर्सीत पोटावरचा पट्टा १९९२ पासून आहे आणि २०१८ च्या एका मोठ्या अपघातानंतर इथे खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचा कायदा झाला. तुमच्या बसमध्ये पट्टे नसतील तर निदान समोरच्या सीटच्या पाठीवर उघडा लोखंडी पाइप आहे का ते बघा, मुलांचे दात, हनुवटी तिथेच फुटते.

निवृत्त_निरीक्षक

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मोजकंच लिहितो.

आपल्या राज्यात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचा निरीक्षक, शिक्षण खात्याचा निरीक्षक, बसवाल्यांचा प्रतिनिधी असे सदस्य. दर ३ महिन्यांनी किमान एक बैठक. बसथांबे कुठे असावेत, कागदपत्रं वैध आहेत का, हे सगळं त्या समितीपुढे मांडता येतं. बऱ्याच शाळांत ती कागदावरच असते, कारण पालक मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागतच नाहीत. ईराच्या आईंनी "बस सेफ आहे का" असं विचारू नये, "परिवहन समितीत पालकांच्या वतीने कोण आहे आणि मागची बैठक कधी झाली" असं लेखी, ईमेलवर विचारावं. उत्तराचा सूर लगेच बदलतो, हा माझा अनुभव.

मुलींच्या बसमध्ये महिला मदतनीस हवीच, ती ऐच्छिक गोष्ट नाही. सीबीएसई शाळा असेल तर २०१७ चं परिपत्रक पण आहे, वेग ४० च्या वर जाणार नाही असं यंत्र, खिडक्यांना आडवे गज, दाराला पक्कं कुलूप, आग विझवायचं उपकरण, प्रथमोपचार पेटी, बसवर शाळेचं नाव आणि फोन. या सगळ्याचं मूळ दिल्लीच्या १९९७ च्या अपघातात आहे. वजीराबादच्या पुलावरून स्कूल बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली, त्यानंतर सुप्रीम कोर्टाचे आदेश आले. वेगाचं यंत्र काढून ठेवलेल्या बस मी स्वतः पकडल्या आहेत. यातला एकेक नियम कुणाच्या तरी मुलाच्या जिवावर आलाय.

दोन_मुलींचा_बाबा

एक विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो, अवघड वाटतं पण बोललं पाहिजे. २०२४ ला बदलापूरला शाळेतच जे झालं त्यानंतर आम्ही घरी दोघींशी नीट बोललो. अंगाला कुठे हात लावलेला चालत नाही, कोणी "आईला सांगू नको" म्हणालं की तेच आईला सगळ्यात आधी सांगायचं. ४ वर्षांच्या मुलीला हे कळतं, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगितलं तर. रूटवर सगळ्यात आधी चढणारं आणि सगळ्यात शेवटी उतरणारं मूल आपलं असेल तर त्या १०-१५ मिनिटांत बसमध्ये मावशी आहे का हे नक्की विचारा, बऱ्याच ठिकाणी मावशी स्वतःच्या घराजवळ आधीच उतरून जातात. संध्याकाळी "शाळेत काय झालं" विचारतो तसं "बसमध्ये कोणाशेजारी बसलीस" हे पण रोज विचारा. आणि काही शंका आली तर चाइल्डलाइन १०९८, रात्री-बेरात्री पण चालतो.

ईराची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू, तीन आठवड्यांनी लिहितेय. व्हॅन रद्द केली, पण काकांना संभाजीनगरवाल्या दादांचं गणित दाखवलं. बाकीचे पालक विचार करतायत, अजून काही ठरलं नाही.

शाळेला ईमेल केला, निरीक्षक काकांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं. दोन दिवसांत ट्रान्सपोर्ट इनचार्जचा फोन आला आणि भेटायला बोलावलं. समिती आहे, बैठक मात्र मागच्या वर्षभरात एकच झालेली. आम्ही ७ आया एकत्र गेलो. बस हलवायचा इशारा कोण देतं विचारल्यावर ते खरंच थोडा वेळ गप्प झाले. मग बसवरच्या मावशींना आत बोलावलं आणि त्यांनीच सांगितलं की "मी उतरते पण मागून गाड्या हॉर्न मारतात म्हणून ड्रायव्हर घाई करतो." सगळ्यांसमोर बोलल्या, मला त्यांचं कौतुक वाटलं. आता मावशींच्या गळ्यात शिट्टी आहे, ती वाजल्याशिवाय बस हलत नाही. दुपारची बस पुढच्या चौकातून वळून आमच्याच बाजूला थांबणार, ६-७ मिनिटं जास्त लागतील, बाकीच्या पालकांनी ते मान्य केलं. यादी आणि हजेरी जुळवायचं पण कबूल केलंय, सायलीताई, ते मी रोज विचारणार आहे पहिला महिनाभर. बझरचं मात्र "बघू" म्हणाले, तो विषय पुढच्या बैठकीत परत काढणार.

घरी डायनिंगच्या खुर्च्या रांगेत लावून बस बस खेळतो. सासूबाई मावशी होतात. बाटली मुद्दाम पाडते मी, आणि ईरा ओरडते "पडलं तर पडू दे!" जपानमध्ये मुलांना बसमध्ये एकटं राहिलं तर हॉर्नवर बसायला शिकवतात असं वाचलं होतं, ते पण शिकवू का? बसवाले दादा, बंद बसचा हॉर्न वाजतो का?

बसवाला_नाशिक

ताई वाचून बरं वाटलं, मावशीला आमचा नमस्कार सांगा. हॉर्नचं गाडीवर आहे. काही बसला बॅटरीचा कट-ऑफ स्विच असतो, चालकानं तो बंद केला की हॉर्न वाजत नाही. तुमच्या चालकाला विचारा, आणि वाजत असेल तर लेकीला एकदा खऱ्या बसमध्ये बसवून दाबून बघू द्या, हॉर्न कडक असतो, हातानं लेकरांना दाबता येत नाही, अंगाचा भार द्यावा लागतो.

आणि रेनकोट घेतला नसेल तर निळा, काळा घेऊ नका, पावसात आरशात दिसत नाही. टोपीची लोंबती नाडी कापून टाका, दारात अडकते.

ईराची_आई

निळा घेतला होता, आज बदलून केशरी आणला. नाडी कापली.